बनसोडे हवालदारांची तिसरी केस

धनाजी बनसोडे वर्गात झोपायचे ते डोळे उघडे ठेवून. एकवीस वर्षं बंदोबस्ताला उभं राहून ही विद्या त्यांनी कमावली होती. मी शेजारी बसायचो म्हणून मला कळायचं. नजर फळ्यावरच असायची, पण पापणी हलायची थांबली की समजायचं, हवालदार गेले. मॅडमनी नाव घेतलं की ताडकन उभे राहायचे, टाचा जुळवायचे आणि म्हणायचे, "हजर!" प्रश्न काय होता ते मी खालच्या आवाजात सांगायचो. उत्तर मलाही येत नसायचं, ती गोष्ट वेगळी.

विद्यापीठातला आमचा अभ्यासक्रम जोडीचा होता. मानसशास्त्र आणि गुन्हेशास्त्र, दोन्ही एकत्र, दोन वर्षं. जेऊरला घरी सांगितलं तेव्हा चुलता म्हणाला, "म्हंजे येड्यांचा डॉक्टर का चोरांचा वकील?" दोन्ही नाही, मी म्हणालो. "मग दोन वर्षं करनार काय?" याचं उत्तर मी अजून शोधतोय. वर्गात आम्ही चौदा. त्यातले तेरा बावीस-तेवीस वर्षांचे, नोकरी नाही म्हणून शिकणारे. चौदावे बनसोडे, वय त्रेचाळीस, नोकरी आहे म्हणून शिकणारे.

शहरातल्या एका पोलीस ठाण्यात ते हेड कॉन्स्टेबल होते. काम लिहिण्याचं. फिर्याद लिहायची, पंचनामा लिहायचा, साक्षीदारांचे जबाब लिहायचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पोराला एकच गोष्ट सांगितली होती, अक्षर चांगलं ठेव. पोरानं ठेवलं. ठाण्यात आलेला माणूस रडत असो, शिव्या देत असो, पिऊन आलेला असो, बनसोडेंच्या कागदावर तो सरळ रेषेत, काना-मात्रेसकट शहाण्यासारखा बोलायचा. साहेब लोक खूश असायचे.

मग हा उपद्व्याप कशाला? तर त्यांच्या खात्यात नवरा-बायकोची भांडणं ऐकून घेणारा एक समुपदेशन कक्ष होता आणि तिथं मानसशास्त्र शिकलेला माणूस हवा होता. "तितं पंखा हाय, रात्रपाळी न्हाय. आन् लिवायचं कमी, ऐकायचं जास्त," ते म्हणायचे. शिकायची परवानगी दोन वर्षांचीच मिळाली होती. जूनअखेर पास झाल्याचा कागद दाखवला नाही तर परवानगी संपली, आणि कक्षातली खुर्ची दुसऱ्याला. म्हणून रात्रभर ठाण्यात, सकाळी दोन तास झोप, अकराला वर्गात. घरी मोठी मुलगी बारावीला होती. बापलेक एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचे आणि बाप आधी झोपायचा.

माणसाला ते गावानं ओळखायचे. पुढच्या बाकावरची प्रतीक्षा म्हणजे 'अकलूज'. मी 'जेऊर'. "ए जेऊर, ते फ्रॉइडचं पान दे," अशी हाक यायची तेव्हा मला उगाच संशयित असल्यासारखं वाटायचं.

प्रयोगाच्या तासाला आमची जोडी असायची. एकानं प्रयोग घ्यायचा, दुसऱ्यानं सब्जेक्ट म्हणून बसायचं. एकदा शब्दांचा प्रयोग होता. ते एक शब्द म्हणणार, मी मनात येईल तो पहिला शब्द सांगणार, ते घड्याळ लावून लिहून घेणार.

"झाड," ते म्हणाले.

"सावली."

त्यांनी घड्याळ थांबवलं. "कसल्या झाडाची?"

"साहेब, असं विचारायचं नसतं. मी सांगायचं, तुम्ही लिहायचं. झालं."

"व्हय, पण झाड कुटलं ते नको का? उद्या कुणी इचारलं तर?"

"कोण विचारणार?"

"कुणीतरी इचारतंच की."

पंचवीस शब्दांना आम्हाला पाऊण तास लागला. शेवटी निष्कर्षाच्या जागी त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'सदर इसम समाधानकारक उत्तरे देत नाही.'

शेवटच्या सत्रात मात्र गंमत संपली. प्रत्येकानं एक व्यक्ती-अभ्यास, म्हणजे 'केस', लिहायचा होता, गुन्ह्याची झळ पोचलेल्या नाहीतर गुन्हा केलेल्या एका माणसाचा. शंभर गुण. पन्नास मानसशास्त्राचे, ते सबिहा मॅडमच्या हातात. पन्नास गुन्हेशास्त्राचे, ते चन्नवीर सरांच्या हातात. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हायचं. आणि अट अशी, की माणूस त्याच्या स्वतःच्या शब्दांत बोलला पाहिजे.

बनसोडेंची पहिली केस परत आली. दुसरी द्यायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. सबिहा मॅडम वयानं त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. त्यांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं.

"'मी वरील ठिकाणी राहणेस असून मोलमजुरी करून माझी व कुटुंबाची उपजीविका करतो. समक्ष विचारलेवरून जबाब देतो की, मला लहानपणापासून उदास वाटणेची सवय आहे.' बनसोडे, हा माणूस किती शिकलाय?"

"चौथी, मॅडम."

"आणि तो तुम्हाला म्हणाला, 'उदास वाटणेची सवय आहे'?"

"आशय तोच होता."

"आशय नको मला. तो काय म्हणाला?"

बनसोडेंनी टाचा जुळवल्या. "काय म्हणला न्हाय मॅडम. रडला."

"मग रडला असं लिहा ना."

"रडण्याला आमच्यात रकाना नसतो," ते म्हणाले. ते खरंच बोलत होते. मॅडमनाही हसावं का कळेना.

"वीस एप्रिलपर्यंत तिसरी आणा," त्या म्हणाल्या. "यापुढं मला मुदत देता येणार नाही."

बाहेर ऊन असं होतं की झाडंही कंटाळली होती. कँटीनमध्ये चहा समोर ठेवून बनसोडे बसले. मी म्हणालो, "साहेब, माझ्या मामाला घ्या. त्यानं बोकड चोरला होता. भरपूर बोलतो."

ते हसले नाहीत. "एक बाई हाय," ते म्हणाले. "तिची फिर्याद मीच लिहिली होती. नऊ वर्षं झाली."

मग त्यांनी सांगितलं. पाण्याच्या नळावरून भांडण. मायाक्का नावाच्या बाईच्या नवऱ्याला गल्लीतल्या रावजीनं लोखंडी पाइप मारला, नवऱ्याचा एक डोळा गेला. नवरा दवाखान्यात, म्हणून फिर्याद बायकोनं दिली. "मी तिला इचारलं, रावजीनंच मारलं का? ती म्हणली, व्हय. मग मी लिहिलं, 'मारलेले मी समक्ष पाहिले आहे.' बघितल्याशिवाय व्हय कशाला म्हणंल? तिचा अंगठा घेतला. त्या दिवशी बारा तास झाले होते ड्युटीला. नळावरच्या आणखी चार बायका होत्या. तिच्या फिर्यादीवरून चौघींचे जबाब उतरवले. सारखेच."

"मग?"

"कोर्टात ती म्हणली, मी बघितलं न्हाय, आवाज ऐकला. लाईट गेलेली होती म्हणे. ते मी इचारलंच नव्हतं. वकिलानं पाची कागद एकापाठोपाठ वाचले. सगळी लोकं हसली. रावजी सुटला." त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. "मला ह्यात कुणी काय म्हणलं न्हाय. गल्लीनं तिला धरलं. फितूर झाली म्हणून."

चहा तसाच राहिला. पंखा हवा म्हणून हा माणूस मानसशास्त्र शिकत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं शेजारी बसून कळलं नव्हतं. मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझा दर्जा हा असा.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला माझ्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. यंत्रमागांच्या कारखान्यांमागची गल्ली, मागांची खटखट भिंतीतून येणारी. बनसोडे साध्या कपड्यांत होते, तरी गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखून बाजूला झाली. मायाक्का दारातच बसली होती. मंद्रूपच्याही खालच्या, कानडी मुलखातली बाई, पंचावन्नच्या पुढची. समोर कडक भाकरी थापून वाळत घातलेल्या. आत खाटेवर तिचा नवरा तिप्पण्णा, काळा चष्मा लावून.

तिनं बनसोडेंकडे नीट बघितलं. "जाड झालास," ती म्हणाली.

"व्हय, अक्का."

"आता कुनाचा डोळा फुटला?"

बनसोडेंनी सांगितलं, जमेल तसं. शिकतोय, एक केस लिहायची आहे, तुमच्या शब्दांत लिहायची आहे. विद्यापीठाचं संमतीपत्र सगळ्यांना दिलेलं असतं, ते त्यांनी पॅडवरून काढलं. "इथं आधी अंगठा..."

"अंगठा न्हाय," मायाक्का म्हणाली. "तुज्या कागदावर न्हाय. रेशनच्या मशीनवर देते, रोज म्हन. तुज्या कागदावर एकदा दिलाय."

बनसोडेंनी संमतीपत्र घडी करून खिशात घातलं.

"बोलते," ती म्हणाली, "पन एक हाय. लिवून झालं की नळावर वाचायचं. आज पानी येनार हाय साडेपाचला, सगळ्या असत्यात. माज्या नावानिशी वाचायचं. आन् आदी तू कोन ते सांगायचं."

बनसोडेंनी माझ्याकडे बघितलं. मी चपलेकडे बघितलं. भर गल्लीत, मी खोटी फिर्याद लिहिली असं हवालदारानं सांगायचं. कुणी मोबाइलवर घेतलं तर कक्ष दूरच, असलेली खुर्चीही हलली असती.

"वाचतो," ते म्हणाले.

ती बोलायला लागली, ते लिहायला लागले. दोन मिनिटं झाली नाहीत तोच ती थांबली. "ए, म्या चार शब्द बोलले. तू एवडं काय लिवतोस?"

मी डोकावलो. कागदावर होतं, 'दिनांक रोजी सायंकाळचे सुमारास वीजपुरवठा खंडित असताना'.

बनसोडेंनी पान फाडलं. दुसऱ्या पानावर पुन्हा तेच होऊ लागलं. हाताला सवयच ती, हात ऐकत नव्हता. तिसरं पान त्यांनी मांडीवर ठेवलं आणि पेन खिशाला लावलं. "अक्का, तुमी सगळं सांगा आदी. मी नंतर लिवतो." आणि ते नुसते बसून राहिले. झोपले की काय म्हणून मी डोळ्यांकडे बघितलं. पापण्या हलत होत्या. तिचं सांगून झाल्यावर त्यांनी ते तिच्याच शब्दांत अर्ध्या पानावर उतरवलं.

साडेपाचला पाणी आलं. पाच दिवसांनी आलेलं, त्यामुळं नळावर प्लास्टिकच्या घागरींची रांग आणि रांगेपेक्षा मोठा आवाज. बनसोडे कागद घेऊन कडेला उभे राहिले. मायाक्का आपल्या घागरीजवळ उभी राहिली, कुणाकडेच न बघता. तिप्पण्णा दारापर्यंत आला होता.

"मी धनाजी बनसोडे, पोलीस हवालदार," ते म्हणाले. "नऊ वर्षांमागं हितली फिर्याद..."

"मोठ्यानं बोल की बाबा, पान्याचा आवाज हाय," रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"फिर्याद मी लिवली होती!" ते ओरडले. "ती चुकीची लिवली. मायाक्कांनी सांगितली तशी ही अशी होती." आणि त्यांनी वाचलं.

"'लाईट गेलेली. म्या हंडा धरून बसलेली, पाठ त्यांच्याकडं. मागं भांडान चाललेलं, कुनाचा नंबर, कुनाचा नंबर. मग रावजी म्हनला, सरक की रं, तुज्या बापाचा नळ हाय का? त्याचा आवाज म्या वळखते. त्याला दमा हाय, बोलताना शिट्टी वाजती. मग पाइपाचा आवाज झाला. मग आमचं मानूस यव्वा म्हनलं. एवडंच. म्या वळले तवा काय सुदिक दिसत न्हवतं. हात लावला तर तोंड वलं लागलं. मला वाटलं पानी हाय.'"

एक घागर भरून सांडायला लागली होती, पण ती कुणी सरकवली नाही.

"मैं बी नै देखी थी," कमरबी म्हणाली. ती त्या चार बायकांपैकी एक, आता केस पांढरे झालेली. "अंधेरे में क्या दिखता? इनों लिख लिए, मैं हौ बोल दी."

"मग इतकी वर्षं गप का गं बसलीस?" एक सून म्हणाली.

"मेरे कू कौन पूछा?"

तिप्पण्णा दारातून हळूहळू नळापर्यंत आला. मायाक्कासमोर उभा राहिला. "मला का न्हाय सांगितलंस?"

"कोर्टातनं येताना सगळ्या वाटंनं सांगत आले. रिक्षात बी सांगितलं. तू म्हनलास, कागद काय खोटं बोलतोय का?"

तिप्पण्णानं मान हलवली, म्हणजे काय ते मला कळलं नाही. मग तो म्हणाला, "भरून घे. जाईल पानी." आणि वाकून तिची घागर नळाखाली लावली. मायाक्कानं पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

येताना बनसोडे मागच्या सीटवर झोपले. खरंच झोपले, माझ्या पाठीवर डोकं टेकून. सात रस्ता चौकातल्या सिग्नलवर लोक बघत होते.

वीस एप्रिलला केस दिली. तीन दिवसांनी आम्हाला बोलावलं. केसमध्ये माझं साक्षीदार म्हणून नाव होतं, त्यामुळं मलाही. दोन्ही शिक्षक एकाच टेबलाशी बसले होते. चन्नवीर सर उठूनच उभे राहिले. "बनसोडे, अहो काय केलंत हे! शिक्षा, न्याय, नुकसानभरपाई, सगळं पुस्तकात वाचतो आपण. आणि तुम्ही नळावर जाऊन केलंत. ही केस मी पुढच्या वर्षी शिकवणार." पन्नासपैकी एक्केचाळीस. सरांनी त्या वर्षी कुणालाच इतके दिले नव्हते. मला सत्तावीस.

सबिहा मॅडमनी केसची पानं सरळ केली. मग त्या म्हणाल्या, "लिहिलंय चांगलं. मी दोनदा वाचलं. पण बनसोडे, सब्जेक्टनं सांगितलेलं आपण बाहेर बोलत नाही. पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तुम्ही चाळीस लोकांसमोर तिच्या नावासकट वाचलंत."

"तिनंच सांगितलं होतं, मॅडम."

"तिच्या संमतीचा कागद कुठाय?"

"न्हाय."

"अहो मॅडम, ती हो म्हणाली ना," चन्नवीर सर म्हणाले.

"ती हो म्हणाली असं हे दोघं सांगतायत, सर." मॅडमचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "बनसोडे, तुम्ही लिहून घेतलेल्या एका 'हो'चं पुढं काय झालं, ते तुम्हीच या केसमध्ये लिहिलंय. मी कशावर विश्वास ठेवू? सोमवारी पाचपर्यंत तिचा अंगठा आणा. मी लगेच पास करते. नाही आणला तर माझा नाइलाज आहे."

त्यांचं चूक नव्हतं. सरांचंही नव्हतं. दोन विषय जोडीनं घ्यायचे म्हणजे काय, ते दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्या टेबलावर दिसलं. दोन्ही बरोबर, आणि मधे बनसोडे.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला, आत्ता जाऊ. देईल ती."

"न्हाय. मी अंगठा मागणार न्हाय तिला."

"साहेब, दोन वर्षं गेली तुमची. परवानगी संपतीय."

"माहीत हाय की."

ते मागणार नव्हते, मग मी मागितला. सोमवारी सकाळी कोऱ्या संमतीपत्राची प्रत आणि स्टेशनरीच्या दुकानातून शाईचं पॅड घेऊन गेलो. मायाक्का पीठ मळत होती. मी घाईघाईत सांगितलं, अंगठा नाही दिला तर साहेब नापास होतात. ती हसली. "नापास? एवडा थोराड मानूस?" मग पिठाचा हात पदराला पुसला. "आन. त्याच्यासाटी देते." दिला. शाई पुसायला मी कागद दिला, तिनं तो चुलीत टाकला. पाच मिनिटांत काम झालं. मी इतका खूश होतो की येताना दोन ठिकाणी सिग्नल तोडला.

बनसोडे विद्यापीठाच्या बसथांब्यावर भेटले. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वाचून दाखवलास का तिला?"

"काय?"

"ह्यो कागद. दोन पानं हायत. तिला वाचून दाखवलीस?"

मीही ती दोन पानं कधी वाचली नव्हती.

त्यांनी खिशातला चष्मा काढला आणि मला वाचून दाखवलं, थांबत थांबत. "'कलम चार. माझे नाव व ओळख कोणत्याही परिस्थितीत उघड केली जाणार नाही, या अटीवर मी माहिती देत आहे.'" चष्म्यावरून बघितलं. "ती काय म्हणली होती, जेऊर? माझ्या नावानिशी वाच म्हणली होती. नऊ वर्षं नाव घेऊन शिव्या खाल्ल्या तिनं. आन् तू, 'माझं नाव लपवा' म्हणून तिचा अंगठा घेऊन आलास."

"मला माहीत नव्हतं."

"मला तरी कुटं माहीत होतं?" ते म्हणाले. रागावलेले नव्हते. रागावायला अंगात ताकद लागते. "घाई असती. माणूस व्हय म्हणतो. आपण कागद पुढं करतो. संपलं."

"आपण परत जाऊ. वाचून दाखवू. ते कलम खोडू."

"छापील कागद हाय. खोडला तर ऑफिस घेत न्हाय. आन् पाचला मला ड्युटी हाय." त्यांनी संमतीपत्राच्या चार घड्या घातल्या, मग फाडून थांब्यावरच्या डब्यात टाकलं. डबा गच्च भरलेला होता, दोन तुकडे खाली पडले. ते वाकून उचलून त्यांनी खिशात घातले. तिचा अंगठा होता ना एकावर.

निकाल जूनमध्ये लागला. मी पास. प्रतीक्षा पहिली. बनसोडेंच्या नावापुढं गुन्हेशास्त्र एक्केचाळीस आणि मानसशास्त्र शून्य. सबिहा मॅडमनी वरती विनंती केली होती म्हणे, पुढच्या वर्षी ह्यांना एकाच विषयाला बसू द्यावं म्हणून, आणि संमतीपत्राचं कलम चार बदलावं म्हणून. पहिली मान्य झाली. दुसरीवर समिती नेमली आहे. समुपदेशन कक्षात दुसरा हवालदार गेला. नळावरच्या वाचनाचं कुणी मोबाइलवर घेतलं नव्हतं. पण गोष्ट ठाण्यात पोचली, आणि त्यांना कागद लिहायच्या टेबलावरून काढून मुख्य चौकात वाहतुकीला टाकलं. फोन केला तेव्हा म्हणाले, "बरं हाय. हितं कुणाचं काय लिवायचं न्हाय. ऊन तेवढं लई हाय."

जुलैच्या शेवटी गुणपत्रक न्यायला मी विद्यापीठात गेलो. कारकून चहाला गेला होता, म्हणून आमच्या जुन्या वर्गापाशी रेंगाळलो. नवी तुकडी बसली होती, सगळी बाविशीतली, हातात नव्या कोऱ्या वह्या. तेवढ्यात कॉरिडॉरमधून बनसोडे आले. परवानगी संपलेली, म्हणजे हक्काची रजा टाकून आलेले. मान उन्हानं काळी पडलेली, हातात जुनीच वही. ते दारातून आत शिरले तशी सगळी मुलं खडखडाट करत उभी राहिली. "गुड मॉर्निंग सर!"

बनसोडे दारातच थबकले. मागं कुणी सर आलेत का म्हणून वळून बघितलं.

"बसा, बसा," ते म्हणाले. "मी सर न्हाय. नापास हाय."

आणि मागच्या बाकाकडे गेले. तिथं एक किडमिडीत पोरगा एकटाच बसला होता. तो बॅग उचलून जागा करून द्यायला लागला.

"कुटला रं तू?" बनसोडेंनी विचारलं.

"करमाळा, सर."

"सर न्हाय म्हणलं की. सरक."